हेमाडपंत, विष्णुदास आणि गावाचा जावई

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हातात पडलेला एक कागद अजून माझ्या वहीत घडी घालून ठेवलेला आहे. फिकट गुलाबी, हातरुमालाएवढा. इकडे त्याला पाम्प्लेट म्हणतात. वर गणपती. त्याखाली बारीक अक्षरांत मौजा अमुक येथे शंकरपटानिमित्त खास आकर्षण, असा मजकूर. मग कागदाचा अर्धा भाग व्यापणारं नाटकाचं नाव, त्या अक्षरांवर रक्ताचे थेंब ओघळलेले, एका कोपऱ्यात पदर तोंडाला लावलेली बाई. पुढे लंबगोल चौकटींत नटनट्यांचे चेहरे, त्यांच्या नावाखाली गाव. मग पेटीवर कोण, तबल्यावर कोण, ऑक्टोपॅडवर कोण. तिकिटाचे दर तीन: खुर्ची, गादी, जमीन. अगदी तळाशी एका ओळीत विनीत, त्यापुढे गावच्या नाट्यमंडळाचं नाव आणि ‘समस्त गावकरी’. लेखकाचं नाव शोधायला मला चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ न्यावा लागला.

झाडीपट्टीच्या नाटकाची वंशावळ लिहायची तर मी या कागदावरून लिहीन, आणि खालून वर लिहीन.

वंशावळीचा प्रश्न मार्कंड्यालाच सुचला, कारण या गावात चुकीचा बाप लावण्याची रीत जुनी आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर ही देवळं उभी आहेत. दक्षिणेकडे निघालेली नदी इथे वळण घेऊन उत्तरेकडे तोंड करते, म्हणून जागा पवित्र. मार्कंडेयाचं मोठं देऊळ आहे, आणि सोळाव्या वर्षी ज्याला न्यायला आला त्याच्याच आवारात यमधर्मालाही देऊळ दिलेलं आहे. जत्रेत कुणालाही विचारा, देवळं कुणी बांधली? उत्तर ठरलेलं, हेमाडपंतानं. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा प्रधान, तेराव्या शतकातला. मार्कंड्याची देवळं त्याच्या आधीची. शिवाय हेमाडपंती म्हणून जे ओळखलं जातं ते सहसा जाड, उघडंबोडकं दगडकाम. इथे तर भिंतीवर तळहाताएवढी जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यांत अलेक्झांडर कनिंगहॅमनं या देवळांची दखल घेतली आणि शैलीचं नातं खजुराहोशी जोडलं. तेव्हापासून जाहिरातवाल्यांना ‘विदर्भाचं खजुराहो’ हे बिरुद मिळालं आणि गावाला दुसरा बाप. मोठ्या देवळाचं शिखर वीज पडून ढासळलं होतं असं सांगतात. अलीकडे त्याच देवळाच्या डागडुजीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. दरवर्षी जत्रेला येणाऱ्या माणसांनी ते वर्षागणिक पाहिलं आणि तरी नदी ओलांडून, चंद्रपूरच्या बाजूनं, येणं सोडलं नाही.

नाटकाचंही तसंच. शहरातला अभ्यासक आला की म्हणतो, मराठी नाटक सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू झालं, तेच हळूहळू झिरपत इथवर पोचलं. म्हणजे झाडीपट्टी हा पुण्या-मुंबईच्या घरातला उशिरा आलेला, खेडवळ भाऊ. यावर इथला अभिमानी माणूस उसळून म्हणतो, आमचं नाटक भाव्यांच्या कितीतरी आधीचं, आम्हीच थोरले. दोघांचीही उत्तरं हेमाडपंतासारखी आहेत: एक नाव सापडलं की शोध थांबतो. भाव्यांच्या नाटकालाही बाप होताच की. कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले, ते पाहून तिथले संस्थानिक पटवर्धन यांनी असं काही आपल्या भाषेत करा म्हटलं, आणि भावे कामाला लागले. कन्नड पाहुण्याच्या पायगुणानं मराठी रंगभूमी जन्मली म्हणायची, आणि झाडीतल्या नाटकाला मात्र बाप एकच हवा!

झाडी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा वैनगंगेच्या दोन्ही काठांचा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. इथल्या बोलीला ‘ळ’ आणि ‘ण’ जड जातात. त्या बोलीचा आणि तिच्यातल्या खेळांचा आयुष्यभर मागोवा घेतला तो साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी. गावोगाव जाऊन दंडार करणाऱ्यांशी बोलायचं, त्यांच्याकडून ऐकून उतरवून घ्यायचं, हे काम त्यांनी केलं नसतं तर आज आपण सगळेच अंदाजपंचे बोलत बसलो असतो.

दंडार हा या मुलखाचा जुना खेळ. धान कापणीला येतं तेव्हा दिवाळी येते, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. गोवारी गाई खेळवतात, ढाल घेऊन वाजतगाजत येतात, आणि रात्री दंडार. पडदा नाही, मंच नाही. माणसं गोल किंवा अर्धगोल करून बसली की झाली रंगभूमी. ढोलकी, टाळ, गण-गवळण, मग सोंगं, मग पुराणातला किंवा गावातलाच एखादा प्रसंग. लुगडं नेसलेला पुरुष नाचतो आणि त्याच्या मामीला, काकूला तो कोण हे ठाऊक असतं, म्हणून हशा दुप्पट. खडीगंमत तिची बहीण: शाहीर उभा राहून गातो, तुणतुणं, चोणकं, सवालजवाब. दोन्ही खेळांत नट हा आधी गावाचा माणूस. सकाळी तो बांधीत धान कापताना दिसणार असतो.

आता नकाशावर थोडं खाली सरकू. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. त्या पाण्यापलीकडे आदिलाबादकडच्या राजगोंडांचा दिवाळीचा नाच आहे, नाव दंडारी. मोरपिसांचे डौलदार मुकुट घातलेले घुसाडी त्यातलेच. त्या नाचाचे गुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९४० च्या दशकात मार्लवाईत राहून राजगोंडांचा अभ्यास करणाऱ्या फ्युरर-हायमेनडॉर्फनं दंडारीचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट पिसांची नाही. एका गावाचा ताफा नाचत दुसऱ्या गावाला पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्यांना उतरवून घेतं, जेवू घालतं, रात्र नाचात जाते, आणि त्या मुक्कामात सोयरिकीही जुळतात.

दंडार आणि दंडारी या शब्दांचं नातं भाषातज्ज्ञांनी लावावं. मला रीतीतलं नातं पुरतं. कापणीचा सुमार, घरात धान, रात्रभराचा खेळ, परगावचा पाहुणा, आणि पाहुण्यांच्या घोळक्यात उपवर पोरांकडे लागलेली आयांची नजर. यातलं काहीही सांगलीहून आलेलं नाही.

पण सांगलीहून, म्हणजे तिकडच्या बाजूनं, काहीतरी आलं हेही खरं, आणि ते बहुधा पुस्तकातून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेची नॅरोगेज लाइन झाली. धान आणि लाकूड वर जाऊ लागलं. मास्तर, फॉरेस्टचे बाबू, छापील पुस्तकं खाली येऊ लागली. नागपूर तेव्हा नाटकवेडं होतंच. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले तेसुद्धा विदर्भातच, सावनेरला. त्यांचं ‘एकच प्याला’ पुढे झाडीत जे रुजलं ते आजतागायत निघालेलं नाही. शहरात सुधाकर-सिंधूच्या शोकांतिकेबद्दल परिसंवाद होतात. इकडे प्रेक्षक तळीरामाची वाट पाहतो. त्याचं कारण मला इथल्या दंडार या खेळात दिसतं. सोंगाड्याशिवाय खेळ पुरा होत नाही अशी ज्या डोळ्यांची सवय, त्यांनी गडकऱ्यांच्या नाटकातून आपला सोंगाड्या बरोबर उचलला. पुस्तक बाहेरचं, निवड घरची.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे या निवडीचं चालतंबोलतं उदाहरण. शेती करणारा माणूस, विनोदी भूमिकांचा बादशहा, ‘एकच प्याला’, ‘लग्नाची बेडी’ अशा नाटकांतून झाडीभर गाजलेला, पाच हजारांवर प्रयोग केलेला. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक नाट्यप्रेमींनी पहिल्यांदा विचारलं, हे कोण? पाच हजार प्रयोग झालेल्या नटाबद्दल हा प्रश्न पडावा, यात खुण्यांचं काही कमी झालं नाही.

जत्रेत माझी गाठ एका म्हाताऱ्या नटाशी पडली. तरुणपणी बाईची कामं करायचा. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. चहाच्या टपरीवर त्यानं खांद्यावरचा दुपट्टा घेतला, दोन बोटांत धरून डाव्या खांद्यावरून असा फिरवला की समोर बसलेली माणसं बोलायची थांबली. मनगट वळलं होतं जेमतेम बोटभर. मग तो दुपट्टा पुन्हा गळ्यात टाकून त्यानं बशीतला चहा भुरकला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं, काकाजी? “मायनं. रोज पानी आनाले जाये ना, तिले पाहूपाहू.” नाट्यशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या बाईची नोंद करायला हरकत नाही. पुढे नागपूरहून आणि इतर शहरांतून स्त्रिया कामं करायला येऊ लागल्या, पाम्प्लेटवर त्यांचे फोटो मोठे झाले, आणि ही मनगटं रिकामी झाली. त्यात दुःख करावं असं त्याला वाटत नव्हतं. बाईचं काम बाईनं केलेलं बरं, एवढंच म्हणाला.

पुस्तक आलं, पडदा आला, मग धंदा आला. त्याची राजधानी वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला तेव्हा वाट्याला आलेलं एकमेव रेल्वे स्टेशन हेच. नट उतरणार वडशाला, नटी उतरणार वडशाला, मग बुकिंगही वडशालाच. इथे नाटक कंपनीला ‘प्रेस’ म्हणतात. परक्या माणसाला वाटतं ऐकण्यात चूक झाली. पण नाटक ठरलं की पहिलं काम पाम्प्लेट छापायचं. छापखान्यात सगळ्या गावांची, सगळ्या नटांची, सगळ्या तारखांची खबर गोळा व्हायची. तिथूनच जुळवाजुळव होऊ लागली आणि नाव चिकटलं, असं जुनी माणसं सांगतात. आज प्रेसचा मालक नट देतो, संहिता देतो, पडदे, ध्वनी, दिवे, मंचाच्या फळ्यासुद्धा देतो. ट्रक संध्याकाळी गावात शिरतो, रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो, पहाटे ट्रक भरला की पुढचं गाव. दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत हे चक्र फिरतं. तृषांत इंगळे यांचा २०२२ चा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा याच जगावर बेतलेला आहे.

तरीही नाटक प्रेस करते असं मी म्हणणार नाही. नाटक गाव करतं. पाम्प्लेटची शेवटची ओळ हीच.

शंकरपट घ्या. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, हलका छकडा, धुरळा, पैजा; रात्री त्याच गावात नाटक, मोठा पट असेल तर एका रात्री दोन-तीन मांडवांत दोन-तीन नाटकं. पट पाहायला दहा गावचे पाहुणे येतात, त्यांना रात्री कुठे ठेवणार? घरात तेवढी अंथरुणं नाहीत. मांडवात बसवा रात्रभर, सकाळी चहा पाजून वाटेला लावा. ही सोय माझ्या डोक्यातली नव्हे, एका गावच्या मंडळाच्या अध्यक्षानं हसत सांगितलेली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद पडल्या. तेव्हा अनेकांना वाटलं, दोरी तुटली, आता नाटकही बुडणार. नाटक बुडालं नाही. पटाच्या तारखेला बैलांशिवाय मंडई भरली, पाहुणे आले, मांडव पडला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं आणि बैल परत आले. नाटक जागेवरच होतं. मधली सात वर्षं म्हणजे एक प्रयोगच म्हणायचा: बैल काढून पाहिले तरी नाटक उरलं. करोनाच्या साथीत, २०२० च्या दिवाळीनंतर, मात्र पाहुण्यांनाच बंदी होती. तेव्हा नाटकाचा हंगाम कोलमडला आणि कलावंतांच्या घरी चुली थंडावल्या.

गावातला नाटकाचा हिशेब कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. मंडळातली माणसं दिवाळीआधीच वडशाला जाऊन तारीख बांधतात. शेजारच्या गावाची तारीख त्याच रात्री येऊ नये यासाठी निरोपानिरोपी होते, कधी भांडणंही. मांडवाची जागा बहुधा धान कापून मोकळं झालेलं कुणाचं तरी वावर. मालक भाडं मागत नाही, पण त्याच्या घरच्यांना तिकीट मागायचं नाही हे सगळ्यांना कळतं. जमिनीवर बसणारे घरून चादर-बोरी आणतात, थंडी असेल तर तणसाच्या गादीवर बैठक. गादी आणि खुर्ची पाहुण्यांसाठी. खुर्चीत कोण बसतं? गावाचा जावई. स्वतः सासरा मागे जमिनीवर, मफलर कानाला गुंडाळून. तिकिटातून प्रेसचे पैसे फेडून काही उरलं तर ते गावाच्या कामाला, शाळेच्या खोलीला, सभामंडपाला. काही उरलं नाही तर मंडळाची माणसं पदरचं भरतात आणि होळीपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या दिवाळीत पुन्हा तीच माणसं वडशाच्या एसटीत.

नाटकाच्या रात्री गावातल्या घराघरांत लेकी माहेरी आलेल्या असतात. चुलीवर मोठी भांडी चढतात. मागच्या आळीतल्या पोरीला बघायला कुणी यायचं असेल तर मुद्दाम आजच बोलावतात. रीतसर कांदेपोह्यांचा देखावा लागत नाही, मांडवात चार बाया तिला पाहून घेतात. पाण्यापलीकडच्या दंडारीत हायमेनडॉर्फनं जे लिहून ठेवलं, ते इथे ऑक्टोपॅडच्या आवाजात चाललेलं असतं.

नाटक चांगलं असतं का, असा प्रश्न शहरातून हमखास येतो. कधी असतं, पुष्कळदा नसतं. अंक रंगात आला असताना मध्येच लावणी किंवा सिनेमाचा नाच घुसवतात, मेलेल्या नवऱ्याजवळ बसलेली बाई उठून गाण्याला जागा करून देते, हे पाहून मीही कपाळाला हात लावला आहे. पण झाडीत याच्या उलट वाटेनं गेलेलं घरही आहे. सिंदेवाही तालुक्यातलं नवरगाव, तिथलं व्यंकटेश नाट्यमंडळ. चित्रकार आणि दिग्दर्शक सदानंद बोरकरांनी ‘आत्महत्या’, ‘माझं कुंकू मीच पुसलं’ अशी नाटकं त्याच प्रेक्षकांपुढे आणली. शेतकऱ्याच्या मरणावरचं नाटक, आणि समोर बसलेले सगळे शेतकरी. तिथे नाच घुसवायची कुणाची छाती झाली नसती. म्हणजे प्रेक्षकाला हेच आवडतं, ही सबब प्रेसवाल्यांनी नीट तपासून घ्यावी.

गाव मिळून काय करू शकतं याचा दाखला नाटकाबाहेरही आहे: गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. देवाजी तोफांसारख्या माणसांच्या पुढाकारानं गावानं एकमतानं निर्णय घ्यायची शिस्त लावून घेतली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. नाटकाच्या मंडळाला ग्रामसभेच्या शेजारी बसवणं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. मंडळात एकमत तर सोडाच, दोन तट असतात. पण सगळ्यांनी बसून तारीख ठरवायची, वर्गणी मान्य करायची, तोटा वाटून घ्यायचा आणि पाहुण्याला खुर्ची द्यायची, एवढं ज्या गावाला दरवर्षी जमतं, त्याला एकत्र बसायचं वळण नव्यानं लावावं लागत नाही.

त्या गुलाबी कागदाच्या तळाशी लिहिलेल्या गावाला मी त्याच आठवड्यात गेलो. मार्कंड्याहून दोन एसट्या बदलून. मला तिकीट काढायचं होतं, खुर्चीचं. खिडकीवरच्या पोरानं विचारलं, “कोनाकडचे?” मी म्हटलं, कुणाकडचा नाही, सहज आलोय. त्याला ते पटेना. त्यानं मागे वळून कुणाला तरी हाक मारली, दोघांत काहीतरी बोलणं झालं, मग एक मफलरवाले गृहस्थ बाहेर आले, माझा हात धरून मला शेजारच्या घरी घेऊन गेले. चुलीवर भात होता. पाटावर बसेपर्यंत त्यांनी बायकोला माझी ओळख सांगितली: मार्कंड्याचे पाहुणे.